शितावरून भाताची परीक्षा

‘वंध्यत्वावर सोपं काहीतरी द्या,’ असं संपादकांचं म्हणणं. सोपं असं माझ्या लॅबमध्ये फारसं काही नाही, म्हणून जे डोक्यातून जात नाही तेच लिहिते.

उन्हाळ्यात कागलकडचं एक जोडपं आलं होतं. बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोनदा गर्भपात झालेला. चार भ्रूण तयार झाले, त्यांच्या गुणसूत्रांची तपासणी केली. तीन सदोष निघाले. चौथ्यापुढे लिहून आलं : मोझेक, ४० टक्के.

‘‘मॅडम, चांगलं का वाईट तेवढं सांगा की,’’ सोबत आलेले सासरे म्हणाले.

नेमकं तेवढंच सांगता येत नाही. पाचव्या दिवशी भ्रूणात शंभर-दीडशे पेशी असतात. आतल्या पुंजक्यापासून बाळ होतं, बाहेरच्या थरापासून मुख्यतः वार. लेझरने आम्ही बाहेरच्या थरातल्या पाच-सात पेशी काढतो, पुंजक्याला हात लावत नाही. भ्रूण उणे १९६ अंशांवर नायट्रोजनमध्ये जातो, पेशी नळीत घालून तपासणीला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सारखा शिजला असेल तरच. मोझेक भ्रूणात काही पेशींत गुणसूत्रं ४६, तर काहींत कमी-जास्त. त्यातून ते ४० टक्केही पेशी मोजून आलेले नसतात. सगळ्या पेशींचा डीएनए एकत्र वाढवून वाचतात आणि संकेत किती कमी-जास्त भरला यावरून अंदाज बांधतात. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधलं ते मोझेक, हीसुद्धा माणसांनीच आखलेली रेघ, आणि ती सगळ्या लॅब एकाच जागी आखत नाहीत! यावर परिषदांमध्ये आम्ही तावातावाने भांडतो. पेशंटच्या हातात मात्र एक ठाम दिसणारा आकडा पडतो.

असे भ्रूण पूर्वी सरसकट टाकून देत. २०१५ मध्ये रोमच्या ग्रेको यांनी १८ बायकांमध्ये मोझेक भ्रूण सोडले आणि सहा निरोगी बाळं जन्मली. २०२१ मध्ये इटलीतच कापाल्बो यांच्या गटाने मोझेकचा शेरा न कळवता भ्रूण सोडून पाहिले. ५० टक्क्यांपर्यंतच्या मोझेकमध्ये बाळ होण्याचं प्रमाण निर्दोष भ्रूणांइतकंच निघालं. मग इतकी वर्षं आपण काय काय टाकून दिलं, हा प्रश्न मी एकटीच असताना स्वतःला विचारते.

सासूबाईंचा रोख सुनेच्या वयावर होता. पूर्ण सदोष भ्रूणांच्या बाबतीत वयाचा संबंध खरा आहे. मोझेकमधली चूक बहुधा फलनानंतर, पेशी दुभागताना होते. तिचा वयाशी फारसा संबंध नाही. हे मी दोनदा सांगितलं. एकदाही पटलेलं दिसलं नाही.

आणि तो दुसरा प्रश्न! ‘मशीनला सगळंच कळतंय म्हणं.’ कळतं, पण रिपोर्टमध्ये लिंग झाकलेलं असतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुखांनी सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले ते याच कोल्हापुरात. लिंगनिवडीविरुद्ध १९९४ चा कायदा आहे, २०२१ चाही आहे. तरी दारात उभं राहून हळूच विचारणारे आहेतच.

त्या जोडप्याला मी म्हटलं, जमलं तर आधी आणखी एकदा बीजं काढू. नाहीच जमलं तर हा भ्रूण सोडू, पण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासायचंच. नुसत्या आईच्या रक्तावरून होणाऱ्या एनआयपीटी तपासणीवर थांबायचं नाही, कारण तीही मुख्यतः वारेचाच डीएनए वाचते, म्हणजे पुन्हा बाहेरचा थर. त्यांचा निर्णय झालेला नाही. कायद्याने भ्रूण १० वर्षं ठेवता येतो. सासऱ्यांनी सध्या एका वर्षाचे पैसे भरलेत.