बॅच थांबवायचा अधिकार

रसायनांच्या कारखान्यात ईटीपीवर बदली होणं ही शिक्षा समजली जाते. सांडपाणी शुद्ध करणारा हा विभाग मागच्या कुंपणाला लागून असतो, तिथे वास येतो, तिथून बढती क्वचितच मिळते. प्रॉडक्शनवाल्यांशी ज्याचं पटत नाही, त्याला तिकडे पाठवतात. मी मात्र पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर हे काम मागून घेतलं. आज कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत, मध्यम आकाराच्या कंपनीत मी या विभागाची प्रमुख आहे. माणसं कंपनीत का येतात आणि का टिकतात, हे मला या जागेवर कळलं.

आधीच्या नोकरीत रात्री ब्लोअर बंद ठेवत. कारण, विजेचं बिल. एअरेशन टँकमध्ये सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू असतात, त्यांना सतत हवा लागते. ती थांबली की काही तासांत ते गुदमरू लागतात, तपकिरी गाळ काळपट होतो, सडका वास सुटतो. सकाळी ब्लोअर सुरू व्हायचे आणि रजिस्टरमध्ये मात्र सगळं ठीक असल्याचे आकडे लिहून हवे असायचे. मी त्यावर सही केली नाही आणि राजीनामा दिला. माझ्या आधीचे केमिस्टही असेच गेले होते. एचआरच्या फाइलीत आम्हा सगळ्यांच्या जाण्याचं कारण एकच होतं : अधिक पगाराची संधी. म्हणूनच नोकरी सोडणाऱ्यांच्या फॉर्मवर लिहिलेल्या कारणांवर माझा आजही विश्वास नाही.

या कंपनीतही सुरुवातीला ईटीपीचे ऑपरेटर टिकत नसत. मग नवे प्लँट हेड आले. त्यांनी भिंतीवर पर्यावरण धोरण लावलं नाही, ते आधीपासूनच लावलेलं होतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. ईटीपी प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखालून काढून थेट स्वतःकडे घेतलं. आणि लेखी नियम केला : सांडपाणी साठवायची पहिली टाकी ८० टक्के भरली, किंवा येणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचं माप, ठरलेल्या आकड्यावर गेला, तर ईटीपीवरच्या ऑपरेटरने सही करून प्रॉडक्शनची पुढची बॅच थांबवायची. कोणाची परवानगी घ्यायची नाही, फक्त कळवायचं.

या नियमामागे साधं शास्त्र आहे. एकदम तीव्र सांडपाणी आलं की जिवाणू मरतात आणि त्यांची वसाहत पुन्हा उभी राहायला आठवडे लागतात. तोवर टाकीतून बाहेर पडणारं पाणी नीट शुद्ध झालेलं नसतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी (घाणीचं आणखी एक माप) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० मिलिग्रॅमच्या आत हवा, हे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत आहे. तो आकडा गाठला जाणार की नाही, हे रसायन तयार होतं त्या रिअॅक्टरपाशीच ठरतं.

नियमाची परीक्षा जुलैत झाली. पावसाचं पाणी शिरून टाकी भरत आली होती आणि निर्यातीची ऑर्डर अडलेली. रात्रपाळीला आयटीआय झालेला एक मुलगा होता. त्याने बॅच थांबवली. फोनवर त्याला काय काय ऐकावं लागलं ते मी नंतर ऐकलं. "कंटेनर चुकला तर तुझा बाप भरणार का पैसे?" हे त्यातलं सौम्य. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडनी सगळ्यांसमोर त्याला टाकीची पातळी विचारली, रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर केलंस." कंटेनर उशिरा गेला. ही गोष्ट संध्याकाळच्या कंपनी बसमधून गावोगाव पोचली. पुढच्या वर्षी ईटीपीवर यायला प्रॉडक्शनमधल्या मुलांनी स्वतःहून अर्ज केले, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं खाडीकाठच्या गावांतली. एका मुलाखतीत मी एका मुलीला नेहमीप्रमाणे विचारलं, काही विचारायचंय का? तिने पगार विचारला, बसचा रूट विचारला आणि मग म्हणाली, "मॅडम, तुमचं पाणी शेवटी खाडीतच येतं ना? माझी आई तिथे कालवं काढते." मी तिला टाकीपाशी नेलं, नियमाचा कागद दाखवला, कोणत्या दिवशी बॅच थांबवली त्याच्या नोंदी दाखवल्या. तिच्या हातात दुसऱ्या कंपनीचं थोड्या जास्त पगाराचं पत्र होतं, तरी ती आमच्याकडे आली. आता रोज सकाळी ती गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि रोटिफर दिसले की बाकीच्यांना हाक मारते. हे इवलेसे जीव सहसा निरोगी गाळातच तग धरतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी ते सांगतात की टाकी ठीक आहे. हे बघायला कॅन्टीनचा आचारीसुद्धा येऊन गेलाय.

हे सगळं पगाराच्या जागी चालतं असं मी म्हणणार नाही. आमचा सर्वांत तयार ऑपरेटर गुजरातमधल्या दहेजला गेला, जवळजवळ दुप्पट पगारावर. घरात बहिणीचं लग्न होतं, त्याने जायलाच हवं होतं. मूल्यांचं नाव सांगून कमी पगारात माणसं राबवायची हा लबाडीचा धंदा आहे. पण जिथे फरक थोडा असतो, तिथे माणूस कुठे मान ताठ ठेवता येईल ते बघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. आमची कंपनी त्यात नाही, पण त्यातल्या काही आमच्या ग्राहक आहेत, म्हणून मी ते अहवाल वाचते. त्यात एका ठिकाणी किती टक्के माणसं सोडून गेली ते द्यावं लागतं आणि बऱ्याच पानांनंतर सांडपाणी किती आणि कुठे सोडलं ते. मी ही दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचते. एचआरवाल्यांनीही वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. पाच जूनच्या पर्यावरण दिनी लावलेल्या रोपांचे फोटो पाहून कोणी नोकरीला आल्याचं मला माहीत नाही.

एक काम मात्र राहिलंय. फिल्टर प्रेसमधून निघणारा गाळ पोत्यांत भरणारे सगळे कंत्राटी कामगार आहेत. बॅच थांबवायचा अधिकार त्यांना नाही आणि माणसं सर्वांत जास्त बदलतात तीही तिथेच. या जागा कायम कराव्यात आणि तोच अधिकार त्यांनाही द्यावा, असा प्रस्ताव मी यंदाच्या बजेटमध्ये घातलाय. पहिल्या फेरीत तो परत आला. खर्चाचा तक्ता दुरुस्त करून मी तो पुन्हा पाठवलाय.