लसूण, पण फोडणीची नव्हे

लसणीइतकं राबणारं आणि लसणीइतका अपमान सोसणारं स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसेल. वर्षभर फोडणीत जळायचं, कुणाला सर्दी झाली की तेलात कढायचं, आणि चातुर्मास लागला की मुकाट्यानं घराबाहेर व्हायचं! आमच्या मातोश्री तर त्या चार महिन्यांत तिचं नावसुद्धा घेत नसत. आमटीला मात्र सुतक आल्यासारखं वाटे.

या लसणीच्या कुळात नऊशेच्या वर जाती आहेत म्हणे. त्यांतली एक भूमध्य समुद्रातल्या माल्टाच्या बेटांवर राहते. जगात दुसरीकडे कुठंही नाही. माल्टा हा अख्खा देशच ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा. तिथल्या उघड्या चुनखडकावर, खाऱ्या वाऱ्यात, खळग्यातल्या चिमूटभर मातीत बाईसाहेबांचं बिऱ्हाड. उंची जेमतेम वीतभर, पानं दोऱ्यासारखी. तिकडे पाऊस हिवाळ्यात. त्यावर पानं वाढतात, उन्हाळ्यात वाळून जातात, आणि भर उन्हात हिला फुलं येतात! वेगळी जात म्हणून शास्त्रज्ञांनी तिचं बारसं केलं ते १९८२ साली. नाव ठेवलं ‘आलियम लोजाकोनोई’. लोजाकोनो हे सिसिलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पण नाव असं, की नुसतं उच्चारलं तरी तोंडाला वास यावा.

“एका पातेल्याला किती लागेल हो ही?” असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलंच. एवढासा तो कांदा! चटणीपुरती सोलता सोलता दिवाळी उजाडायची.

तिचं मागणं फार नाही. खत नको, पाणी नको. कातळ तेवढा जागेवर राहू द्या. पण उघडा कातळ म्हटला की माणसाला तो रिकामा वाटतो. मग खाण येते, नाहीतर इमारत. माल्टाची घरंही त्याच चुनखडकाची! आपण तरी काय वेगळे? कोकणातला सडा पावसाळ्यात रानफुलांनी भरून जातो, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद काय? ‘पोटखराब’!

बाजारच्या लसणीचं एक बरं असतं. कितीही महागली, तरी एक पाकळी कुंडीत खोचली की ती कुठंही हात-पाय पसरते. या माल्टाच्या बाईला जगात एकच घर आहे, आणि कागदोपत्री तिथं कुणीच राहत नाही.