देण्याची मर्यादा

मनुष्याचा स्वभाव त्याच्या हस्ताक्षरावरून ओळखावा, असें पूर्वीं म्हणत. हल्लीं तो त्याच्या संगणकांतील 'सेटिंग'वरून ओळखावा, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

हिंगोलीस आमच्या घरीं क्यूबिटटॉरेंट नांवाचें एक विनामूल्य साधन आहे. उबुंटूसारखी संगणकप्रणाली, किंवा लेखकाच्या मृत्यूस ६० वर्षें उलटून कॉपीराइट संपलेले हरिभाऊ आपट्यांसारख्यांचे जुने ग्रंथ, अशा साधनानें उतरवून घेतां येतात. ब्रॅम कोहेन ह्यांनीं २००१ सालीं प्रसृत केलेल्या बिटटॉरेंट पद्धतींत एकच एक कोठार नसतें. फाइलीचे लहान लहान तुकडे पडतात, आणि घेणारा प्रत्येक जण हातीं आलेला तुकडा लगेच दुसऱ्यास देऊं लागतो. गांवजेवणांत जेवून उठलेले पुढच्या पंगतीस वाढतात, तसाच हा प्रकार. मात्र येथें जेवतां जेवतांच वाढपी व्हावें लागतें.

वाढावें किती, हें ठरविण्यासाठीं एक लहानसा रकाना असतो. आमच्या एका हिशेबी विद्यार्थ्यानें, घ्यावें पण देऊं नये, अशा धोरणानें तेथें शून्य लिहिलें. परंतु ह्या साधनाच्या कोशांत शून्य म्हणजे 'मर्यादा नाहीं'! बिचारा रात्रभर कर्णाचें व्रत आचरीत राहिला.

अमर्याद औदार्यही संसारास परवडत नाहीं. येणाऱ्या मालाची पोंच उलट पाठवावी लागते. जाण्याची वाट दानानेंच तुंबली, तर पोंच अडकते व येणेंही मंदावतें. शिवाय घरांतील मंडळींचें पुण्याच्या नातवाशीं चाललेलें बोलणें तुटतें, तें वेगळेंच! म्हणून वाटेचा सुमारें चार पंचमांश भागच दानास लावावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. आमची जाण्याची वाट सेकंदास १० मेगाबिटांची. ८ बिटांचा एक बाइट, ह्या हिशेबानें ती सुमारें १२०० किलोबाइट होते. आम्ही रकान्यांत १००० लिहिलें.

दुसरा रकाना अधिक मार्मिक आहे. घेतल्याच्या किती पट दिल्यावर थांबावें, हें तो विचारतो. तेथें १ लिहिला कीं देणेंघेणें फिटलें. सरळ गृहस्थास तेवढें पुरे वाटेल. पण ज्या ग्रंथास विचारणारे थोडे, त्याचा शेवटचा राखणदार उठून गेला, तर मागाहून येणारा एखाद्या तुकड्यासाठीं अडून बसतो. म्हणून अशा ग्रंथांपुरती ही मर्यादा आम्हीं काढून टाकली आहे.

दूरच्या, अनोळखी हातांनीं राखलेल्या ठेव्याचें मोल आमच्या जिल्ह्यास सांगावयास नको. येथील नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान मानतात. त्यांचीं ६१ पदें १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत आहेत, आणि पंजाबांत तीं चार शतकें गाइलीं जात आहेत. घेतल्याइतकें दिलें, आतां पुरे, असा आंकडा त्या गाणाऱ्यांनीं कोठें लिहून ठेवला नव्हता.