दाखला

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिठाच्या बरणीत चमचा घातला आणि तो बुडाला. कार्ल्यात राहणाऱ्याला याचं नवल नाही. पावसाळ्यात इथे ढग खिडकीतून आत येतो आणि पाहुण्यासारखा दोन-दोन दिवस मुक्काम करतो. काडेपेटी पेटत नाही, पांघरुणं कुबट होतात. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठसुद्धा पाझरायला लागतं, आणि आमचं खडेमीठ तर त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याच्याही आधी. बरणीच्या तळाला तांदळाची पुरचुंडी ठेवायची असते. मी विसरले होते.

"खारटपणा गेला का गं?" मावशीने आतून विचारलं.

"नाही. उलट जास्तच झालाय."

तिची जरा निराशा झाली. तिला बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं आळणी झालेलं मीठ हवं होतं.

मावशी नगरकडची. जन्म मिशनच्या आवारातला, नोकरी नर्सची. घरात काही सांडलं, फुटलं, करपलं की ती लगेच दाखला काढते. येशूच्या गोष्टींना मराठी बायबलात दाखले म्हणतात. एरवी दाखला म्हणजे जन्माचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा. लहानपणी मला वाटायचं, हरवलेल्या मेंढराचा दाखला तलाठ्याकडून आणावा लागतो.

मला ही दाखले काढायची सवय फारशी रुचत नाही. दूध उतू गेलं तर ओटा पुसावा. लक्ष्मीबाई टिळक मला त्यासाठीच आवडतात. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून छापून आलं. त्यात घरातल्या फजित्यांना तोटा नाही. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारे सोवळे वडील, हातात पैसा न टिकणारे पती. या पतीने, म्हणजे टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं म्हणजे अख्खं घरच उतू गेलेलं. पण बाई तेही सांडलेल्या पिठाची हकिगत सांगावी तसं सांगतात आणि पुढे जातात. बोध ज्याचा त्याने घ्यावा, नाहीतर राहू द्यावा.

मावशीला हे पटत नाही. "प्रभूने स्वतः काढले की दाखले," ती म्हणते. काढले खरे, आणि पुष्कळसे घरातलेच: खमीर, दिवा, जुन्या कपड्याला लावलेलं नवं ठिगळ.

तिच्या कुडीची फिरकी हरवली त्या दिवसाचा अर्थ मात्र मला अजून नीट लावता येत नाही. मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी इंद्रायणीचा तांदूळ निवडायला बसलेली असताना तिने सहज कानाला हात लावला, तर कुडी सैल. मोती जागेवर, मागची फिरकी गायब. त्यात लाईट गेलेली. मी म्हटलं, बाजारात दुसरी मिळेल. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बॅटरी आणली. मग लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईसारखं तिने घर झाडायला काढलं. त्या बाईजवळ दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावून कानाकोपरा झाडते. आमच्याकडे पलंग सरकला, तांदूळ दोनदा चाळला, सुपलीतला कचरा वर्तमानपत्रावर पसरला. शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्या सासूबाई आल्या, मागोमाग समोरच्या घरातली नववीतली मुलगी मोबाईलचा उजेड पाडत आली. चार बाया जमिनीला गाल टेकून फरशीवर आडव्या. सासूबाई म्हणाल्या, एकवीरेला नारळ बोला. मावशी म्हणाली, मी माझ्या बापाला सांगितलंय. "मग दोघांनाही सांगून ठेवा," सासूबाई म्हणाल्या, आणि फ्रीजखाली झाडूचा दांडा घातला.

फिरकी सोडून सगळं सापडलं. कॅरमची सोंगटी, लोकलचं मळवली ते शिवाजीनगर तिकीट, हरवल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं असं एक बटण.

लूकमधल्या बाईला नाणं सापडतं आणि ती शेजारणींना आनंद करायला बोलावते. त्या बोलावण्याचा खर्च नाण्याहून जास्त झाला असणार, अशी मला पहिल्यापासून शंका आहे. आमच्याकडे काही सापडलंच नव्हतं. तरी मावशीने चहा टाकला, कांदाभजी तळली, अंधारातच. बाया दिवेलागणीपर्यंत हसत बसल्या. त्यांना पोचवून आल्यावर मी म्हटलं, आता काढ दाखला. ती म्हणाली, "आधी कढई घास."

तिने काढलेल्यांपैकी एक मात्र मला आवडतो, तोही तिचा नव्हे, मराठी भाषांतराचा. भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मूळ ग्रीकमध्ये मुसळ नाही, तुळई आहे; सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी शोभेल असं लाकूड. मराठीत ते कामठ्यावरून उठून उखळापाशी आलं.

आणि सुतार म्हटलं की मला लेण्यातला सामी आठवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहावर जे शिलालेख आहेत, त्यातला एक सांगतो की दार केलं ते धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने. वढकी म्हणजे सुतार. दगडातलं दार सुताराने केलं. काळ म्हणाल तर नाझरेथच्या सुताराच्या मागेपुढे, शंभरेक वर्षांच्या फरकाने. आत छताला सागवानी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या. कातळाच्या छताला त्यांचा आधार लागत नाही. लाकडी इमारतीत असतात म्हणून इथेही बसवल्या.

गेल्या डिसेंबरात मावशीला वर लेण्यात घेऊन गेले. गुडघे धरत, पायऱ्या मोजत आली. एकवीरेच्या देवळाच्या रांगेत मुंबईच्या कोळ्यांचा बँड वाजत होता, तो आवाज चैत्यात घुमून दुप्पट होत होता. मावशी खांबांच्या मधोमध उभी राहून मान वर करून बघत राहिली. मी वाटच बघत होते: आता काहीतरी निघणार.

"ह्यांना वाळवी कशी लागली नाही गं?" ती म्हणाली. "आपली न्हाणीघराची चौकट तीन वर्षांत गेली."