रात्री एकची मोटर

अण्णांचा बटणांचा फोन चार्जिंगला लावला की तापायचा. स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात काहीच दिसायचं नाही. तरी ते नवा घ्यायला तयार नव्हते. म्हणायचे, "सगळं यात आहे." गेल्या दिवाळीला बदनापूरजवळच्या आमच्या गावी जाताना मी नवा स्मार्टफोन घेऊनच गेलो आणि सांगितलं, "सगळं यात आणून देतो. तासाभराचं काम आहे."

तीन दिवस लागले.

आधी नंबर घेतले. जुन्या फोनने ते व्हीकार्ड फाइलमध्ये काढून दिले, पण आवृत्ती २.१, म्हणजे १९९६ची. नव्या फोनवर इंग्रजी नावं नीट आली. मराठी नावांच्या जागी मात्र 'ई-शून्य, ए-चार, ई-शून्य, ए-पाच' अशा रांगाच्या रांगा. त्या काळी फाइलमधून देवनागरी पाठवायची तर फोडून पाठवावी लागायची. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं आणि या फाइलमध्ये प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिलेला असतो. काना, वेलांटी, पाय मोडणं, प्रत्येकाला ९ चिन्हं. 'विठ्ठल' लिहायला ५४. एका ओळीत मावतात ७६. नाव त्यापुढे गेलं की ओळ तुटते, आणि तुटलेल्या ओळी नवीन फोनला जोडता येत नव्हत्या.

लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहून मी ओळी जोडल्या, तेव्हा नावं दिसायला लागली. टँकर विठ्ठल. टँकर जालना. टँकर नवा. टँकर रात्री. मी विचारलं, "हे चारही उडवू का?"

"काहून? खात होते का तुझं काही?"

२०१२चा पाऊस गेला आणि जालना जिल्ह्यात प्यायच्या पाण्याचेच वांधे झाले. आमची मोसंबीची २५० झाडं होती. अण्णांनी ती २०१३च्या उन्हाळ्यापर्यंत टँकरवर जगवायचा प्रयत्न केला. जगली नाहीत. वाळलेली झाडं तोडली, त्यांचं सरपण दोन वर्षं पुरलं. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर आमच्या रानात कापूस होता.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढलं. त्याचीही फाइल जुन्या पद्धतीची, ती आधी आजच्या पद्धतीत बदलून घ्यावी लागली. बदलल्यावर एक गोष्ट खटकली. 'मोटर' या नोंदी ठिकठिकाणी रात्री १ वाजताच्या होत्या. मला कारण लगेच सुचलं. फायलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असणार आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. १ मध्ये साडेपाच मिळवले की सकाळचे ६:३०. शेतकऱ्याची मोटर चालू करायची अगदी शोभेल अशी वेळ. मी सगळ्याच नोंदी साडेपाच तास पुढे सरकवल्या. त्यात 'बँक' सकाळी ११ वरून दुपारी ४:३० वर गेली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

संध्याकाळी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"साडेसहा कोणी लिहिलं?"

"तुमच्या फोनमध्ये चुकून रात्रीचा १ आला होता. मी दुरुस्त केलं."

"रात्री १च बरोबर होतं. थ्री फेज रात्रीची असायची. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. साडेसहाला लाईट कुठली?"

मी तेव्हा औरंगाबादला हॉस्टेलवर होतो. रात्री १ला सिनेमा बघत असायचो. त्याच वेळी अण्णा बॅटरी घेऊन विहिरीकडे निघालेले असायचे, हे मला फायलीमुळे कळलं. तेही मी ते पुसून टाकल्यावर.

सगळं साडेपाच तास मागे आणलं. एक नोंद उरली होती, दर १५ जानेवारीला पुन्हा येणारी: 'ताण तोडणे, मोटर'. आंबे बहरासाठी मोसंबीचं पाणी महिना-दीड महिना बंद ठेवतात. झाड पानं गाळतं, विश्रांती घेतं. मग पाणी देऊन ताण तोडला की फुलोरा येतो. बाग २०१३ला गेली, पण फोन दर वर्षी ताण तोडायची आठवण करून देत होता, आणि अण्णा दर वर्षी बटण दाबून तो गप्प करत होते.

"ही तरी काढू का?"

ते बराच वेळ नवीन फोन हातात फिरवत राहिले. "तुला जागा लागते का तिची?"

"नाही."

"मग राहू दे."

मी राहू दिली. जुना फोन बंद करून कपाटात ठेवला, त्यातलं सिम नव्यात घातलं आणि पुण्याला परतलो.

१६ जानेवारीला सकाळी अण्णांचा फोन आला. आवाज खूश होता.

"वाजलं बरं का रात्री १ला. लई मोठ्यांदा वाजतं हे. तुझी आई उठून बसली."

"मग काय केलं तुम्ही?"

"काय करायचं? जाग आलीच होती, तर उठून लाईट आहे का बघितलं."