निवडून घेतलेली दहा फुलं

ती काडी अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. दात कोरायची साधी काडी, टोकाला हिरवट डाग पडलेली. सुनेनं दोनदा टाकायला काढली, दोनदा मी परत आत ठेवली.

३१ मे २०२३ला आमच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या. आता ३१ मे म्हणजे काय, हे शाळा-कचेरीतल्या माणसाला सांगायला नको. त्या पिढीची नावं शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षं भरली की अख्खी फौज एकाच दिवशी घरी बसते. त्यात अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आमच्या जिल्ह्यातलं, आणि त्याच दिवशी त्यांची जयंती. त्या वर्षी तर मुख्यमंत्र्यांनी तिथंच जिल्ह्याला अहिल्यानगर नाव देणार असं जाहीर केलं. वर लग्नसराई. हार म्हणू नका, बुके म्हणू नका, सगळी ओढ एकाच दिवशी, आणि ऊन असं की फूल दांडीवरच शिजावं.

बुकेचं काम माझ्याकडे आलं, कारण गुलाब मला कळतात असा माझा लौकिक. माहेर राहात्याकडचं. शिर्डीच्या देवळाच्या जिवावर आमच्याकडं गुलाबाची शेती वाढली. भावाची अर्ध्या एकराची बाग होती. उजाडायच्या आत कात्री घेऊन आम्ही बहिणी सरीत उभ्या असायचो.

मी सकाळी नऊला दुकान गाठलं. मावळातून आलेले डच गुलाब, वीस-वीसच्या गड्ड्या. दुकानदारानं वरची गड्डी पुढं केली. मी म्हटलं, “सोडा, मी निवडते.” कळीच्या बुडाशी, देठाच्या जरा वर, दोन बोटांनी हलकं दाबायचं. टणक लागली तर ताजी; बोट आत गेलं तर ती कालची नाही, परवाची. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या जाडसर, हिरवट, कडेला डागळलेल्या असतात. लोक त्या बघून नाक मुरडतात. खरं तर त्या असल्या की समजावं, फुलाला अजून कुणी हात लावलेला नाही. शिळं फूल नवं करायचं तर आधी त्याच पाकळ्या सोलतात. दांडीचं खालचं टोक काळं, बुळबुळीत असेल तर त्या वाटेला जाऊच नये. अशी दहा काढायला मला वीस मिनिटं लागली. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुकानदार काही बोलला नाही. पंचवीस रुपयाला एक, दहाचे अडीचशे. “पॅकिंग करून आणतो,” म्हणून तो फुलं घेऊन पडद्यामागं गेला.

तिथंच मी चुकले. मागं जायला हवं होतं.

चंदेरी कागद, लाल रिबीन, मधे मधे ती पांढरी बारीक फुलं, वरून पाण्याचा फवारा. दिसायला झकास. कार्यक्रम दुपारी चारला. बाईंच्या हातात बुके दिला, फोटोवाला “इकडं बघा” म्हणाला आणि तीन गुलाबांनी एकदम मान टाकली. चौथ्याची मान ताठ होती. पण पाकळ्या गळून खाली पडल्या आणि आतली काडी तेवढी उभी राहिली. देठातून वर खुपसलेली. माझ्या दहा फुलांत सोललेलं एकही नव्हतं, ह्या बुक्यात बाहेरच्या पाकळ्या असलेलं एकही नव्हतं. मोठ्या बाई बुक्याकडं बघून म्हणाल्या, “अगं, ह्यांचीही सेवापूर्ती झाली वाटतं.” सगळा हॉल हसला. मी सोडून.

अडीचशे रुपयांचं मला काही नाही. पण छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या हातात, तिच्या शेवटच्या दिवशी, काडीवर उभं केलेलं फूल? आणि तेही मी वीस मिनिटं निवडल्यावर? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काडी घेऊन दुकानात गेले. बदललीच नाहीत, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, मे महिना आहे मॅडम, मान पडणारच. हे अर्धं खरं आहे. कापलेल्या दांडीत हवा शिरली की पाणी वर चढत नाही, उन्हात फूल पाणी टाकत राहतं, आणि मानेचा भाग सगळ्यात नाजूक. म्हणूनच सांगते, फुलं घरी नेली की दांडी पाण्याखाली धरून तिरपी कापा, मानेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून दोन तास खोल बादलीत उभी करा. हे मी त्यालाही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “सगळ्यांनी तुमच्यासारखं निवडून नेलं, तर उरलेली कुणाच्या गळ्यात घालू?”

ह्याला उत्तर होतं. मला तेव्हा सुचलं नाही.

भावाला फोनवर सगळं सांगितलं, वाटलं तोही चिडेल. तो म्हणाला, “आक्का, पंचवीसला एक? आमचं फूल कोणी फुकट न्यायलाबी तयार नव्हतं.” खरंच होतं. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळं शिर्डीचं देऊळ बंद झालं, पुढं उघडलं, पण हार-फुलं आत न्यायची बंदी उठली नाही. आंदोलनं झाली. भाविकांना हारांच्या नावाखाली लुटतात, असंही बोललं जायचं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण भामट्यांपायी गुलाबालाच शिक्षा? भावानं निम्मी बाग उपटून मका केला. गावठी गुलाब तो. संध्याकाळपर्यंत टिकत नाही, पण वास अख्ख्या सरीत भरून राहतो. डच गुलाबाला तो नाही. बाईंना तेच न्यायला हवे होते, पेपरात बांधून, असं मी त्या दिवसापासून म्हणते. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते हलके वाटले असते. स्टेजवर चंदेरी कागद लागतोच.

पुढं नोव्हेंबर २०२४मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परवानगी दिली, आणि डिसेंबरात संस्थानच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत फुलं पुन्हा देवळात जाऊ लागली. भावानं परत गुलाब लावला, थोडाच.

आणि मी? त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं चार लोकांत म्हटलं होतं. गेल्या ३१ मेला आमच्या शिपाईमामांची निवृत्ती. चार दुकानं फिरले, सगळीकडं सोललेली. शेवटी तिथंच. त्यानं ओळखलं. बादलीच पुढ्यात ठेवली, कात्री आणि कागदही. “घ्या मॅडम, निवडा, बांधाही तुम्हीच.”

मी निवडली, बांधली, पैसे काढले.

“निवडून घेतली तर फुलामागं पाच रुपये जास्त,” तो म्हणाला.

दिले.