घरातली करवत

करवत हे मूळचे संथ हत्यार. सुताराच्या हातात ती श्वासाच्या लयीने चालते. लाकडात गाठ आली की अडते, आणि त्या अडण्यातूनच हाताला पुढचे कळते. काशीकरवतीच्या कथांनी तिला भीषण रूप दिले असले, तरी घरातल्या करवतीने फार तर अंगठ्याचे साल काढले. विजेच्या गोल करवतीने हाताशी चाललेला हा संवाद संपवला. तिचे पाते गाठ आणि बोट यांत भेद करीत नाही.

तरीही पुस्तकांचे कपाट स्वतःच्या हातांनी करावे असे वाटणारा गृहस्थ एके दिवशी हत्यारांच्या दुकानात जाऊन उभा राहतोच. त्याला यंत्र हवे असते ते लहान आणि वायरचे. वर्षातून चारदा लागणाऱ्या वस्तूची बॅटरी कोण सांभाळणार? इथवर त्याचे बरोबर असते. दुकानदार त्याच्यापुढे 110 मिलिमीटर पात्याचे मार्बल कटर ठेवतो. "साहेब, सुतारसुद्धा हेच नेतात. फक्त लाकडाचे पाते बसवून घ्या." यात खोटे काहीच नाही. ते स्वस्त आहे, दणकट आहे, आणि प्लायवूड त्याने सर्रास कापले जाते.

परंतु ते घडले दगडासाठी. हिऱ्याचे कण बसवलेले पाते दगडाला घासत जाते. लाकडाचे पाते दातांनी चावत जाते. कापलेली फट मागून मिटून पाते आवळले गेले, की तेच दाते सबंध यंत्र कापणाऱ्याच्या अंगावर उलटे फेकतात. म्हणून लाकडाच्या करवतीला खालच्या अंगाला स्प्रिंगचे झाकण असते. फळी आली की ते मागे सरते, फळी संपली की आपोआप मिटते. मार्बल कटरला बहुधा ते नसतेच. शिवाय त्याचे बटण अनेकदा दाबून अडकवून ठेवता येते, म्हणजे हात सुटला तरी पाते फिरतेच, आणि तेही मिनिटाला 12,000 च्या आसपास फेऱ्यांनी. पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा त्याहून कमी असेल, तर ते पाते त्या यंत्राला लावूच नये. सुताराचा हात वीस वर्षांच्या सवयीने या उणिवा भरून काढतो. कधीकधी त्याचाही हात चुकतो. गृहस्थाजवळ ती सवय नाही.

दुसरा मोह ताकदीचा. 185 मिलिमीटर पात्याची करवत 60 मिलिमीटरहून खोल कापते. कपाटाची फळी असते 19 ची. चार किलोच्या आसपासचे ते धूड गॅलरीत, स्टुलावर टेकवलेल्या फळीवर पेलणे हा निराळाच व्यायाम. उलट 85 च्या चिमुकल्या यंत्राची खोली जेमतेम 25 च्या पुढे. दोन फळ्या एकावर एक ठेवल्या की ते हरते. मधले 115 चे, 40 च्या आसपास खोल जाणारे आणि झाकण असलेले यंत्र घराच्या मापाचे. पाते फळीच्या खाली दोन-तीन मिलिमीटर डोकावेल इतकेच सोडावे. दाते खालून वर येतात व वरची कड कपच्यांनी विस्कटते, म्हणून फळीची देखणी बाजू खाली ठेवावी.

वॅटचे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. झाकणाविषयी तिथे क्वचितच काही लिहिलेले असते. ते दुकानातच, वायर न जोडता, बोटाने मागे ओढून सोडून पाहावे. खट्कन मिटले तर पैसे मोजावेत. रेंगाळले, अर्ध्यावर अडकले, तर दुसरे नग काढायला सांगावे. दुकानदार कुरकुरेल, पण काढील.